बुवांचा खोकला

एका गावात एक कीर्तनकार बुवा राहत होते. आजोबांच्या चिपळ्या, वडिलांची झांज आणि स्वतःचा गळा, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. आवाज फार मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. देवळातल्या शेवटच्या खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीलाही त्यातला शब्द न् शब्द कळायचा. कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवा ज्येष्ठमधाची एक बारीकशी काडी दाढेखाली धरायचे. ती सवयही वडिलांकडूनच आली होती.

त्यांच्या पत्नीला सगळं गाव माई म्हणायचं. माई बोलायच्या कमी. लक्षात ठेवण्यासारखं काही घडलं की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवायच्या. दूध कोणत्या दिवशी आलं नाही, गॅसची टाकी कधी लावली, कोणत्या गावचं कीर्तन कधी ठरलं, सगळं त्या चौकोनांत बारीक अक्षरात असायचं.

मार्गशीर्षात तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं. बुवा चष्म्याचा नंबर तपासायला गेले. तिथल्या नर्सबाई रांगेतल्या प्रत्येकाचं बीपी बघत होत्या. बुवांचं १७२/१०४ आलं. बाईंनी त्यांना थोडा वेळ शांत बसवलं आणि पुन्हा बघितलं. फारसा फरक पडला नाही.

"काही त्रास होतो का, बुवा?"

"काहीच नाही. परवाच दोन तास उभा राहून कीर्तन केलं."

तालुक्याच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी आणखी दोनदा बीपी बघितलं, रक्त आणि लघवी तपासली, ईसीजी काढला. मग त्यांनी एनालाप्रिलची गोळी सुरू केली आणि लोणचं, पापड, फरसाण बंद करायला सांगितलं. "दुखत नाही म्हणून गोळी सोडू नका," ते म्हणाले. "हा आजार काही सांगत नाही. मेंदू, हृदय, डोळे, मूत्रपिंडं, यांना तो आतल्या आत खराब करतो." बाहेरच्या बाकावर माणसं दाटीने बसली होती. डॉक्टरांनी पुढचा नंबर पुकारला आणि बुवा उठले.

माईंनी कॅलेंडरवर लिहिलं, 'गोळी सुरू.'

महिन्याने बीपी १३६/८४ आलं. डॉक्टर खूश झाले. बुवाही खूश झाले. "आता ही चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाले.

माघ संपत आला आणि बुवांना खोकला सुरू झाला. कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही, सर्दीही नाही. घशात कुसळ अडकल्यासारखं सारखं खवखवायचं, खोकून खोकून बुवा थकायचे, पण कुसळ काही निघायचं नाही. रात्री आडवं झालं की जास्त. मग ते उठून भिंतीला टेकून बसायचे आणि माई अंधारात त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

घरगुती उपाय झाले. आल्याचा रस आणि मध झाला, हळद घातलेलं दूध झालं, लवंग भाजून तोंडात धरून झाली. शेजारच्यांनी अडुळशाची पानं आणून दिली. खोकला तसाच राहिला. गावातल्या आशाताईंच्या कानावर गेलं तशा त्या स्वतःच घरी आल्या. "दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे क्षयासाठी थुंकी तपासायचीच, बुवा. सगळ्यांचीच तपासतो आपण." थुंकीत काही निघालं नाही. छातीचा फोटोही स्वच्छ आला. पण तो निकाल यायच्या आधी गावाने आपला निकाल लावला होता. एका घरी बुवा चहाला बसले, तेव्हा सगळ्यांना कपबशीतून चहा आला आणि बुवांना कागदी कपातून. बुवांनी तो मुकाट्याने प्यायला.

मग त्यांनी वडिलांचा उपाय मोठ्या प्रमाणावर सुरू केला. काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध पिशवीभर आणलं. पूर्वी कीर्तनापुरती काडी असायची. आता सकाळपासून रात्रीपर्यंत दाढेखाली काडी असायची, आणि निजताना वाटीभर काढा. त्याने घसा घटकाभर ओला राहायचा, म्हणून बुवा आणखी घ्यायचे. माईंनी लिहिलं, 'काडी दिवसभर.'

फाल्गुनात नाथषष्ठी आली. बुवांनी दरवर्षीप्रमाणे एकनाथ महाराजांचं आख्यान लावलं. त्यांचं सर्वांत आवडतं आख्यान होतं ते. नाथ गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले आहेत. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलं आहे. नाथ थांबतात आणि देवासाठी आणलेलं पाणी त्याच्या तोंडात ओततात. बुवा हा प्रसंग सांगायचे तेव्हा देवळात कोणाची हालचाल होत नसे. त्या रात्री त्यांना मध्येच चार वेळा थांबावं लागलं. पेटीवाले काका जुने सोबती होते. बुवा थांबले की ते पेटीवर दोन ओळी वाजवत आणि लोकांना वाटायचं, हे असंच बसवलेलं आहे.

डॉक्टरांकडे बुवा गेले नाहीत. तीन महिने व्हायचे होते. आणि खोकल्यासाठी बीपीच्या डॉक्टरांकडे कशाला जायचं, असंही त्यांना वाटलं. त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. आयुष्यभर आपण लोकांना सोसायला सांगितलं, आता आपणच तक्रार घेऊन कुठे जायचं?

रामनवमीला देऊळ भरून गेलं. जन्माचं कीर्तन दहाला उभं राहिलं. जन्म बाराच्या ठोक्याला व्हायचा. आख्यान न घाई करता, न रेंगाळता त्या क्षणापाशी आणून पोचवायचं, यासाठी बुवांच्या घराण्याचं नाव होतं. गाभाऱ्यासमोर पाळणा सजवला होता. बायकांच्या ओंजळीत फुलं होती, पोरांच्या मुठीत गुलाल होता. सगळ्यांचे डोळे आळीपाळीने घड्याळाकडे आणि बुवांकडे जात होते.

बाराला दोन मिनिटं होती. बुवांनी जन्माच्या पदाचा सूर लावला आणि खोकला उठला.

त्यांनी उपरणं तोंडाशी धरलं. पेटीवाल्या काकांनी सा धरून ठेवला. तबलजीने ठेका सोडला नाही. लोक वाट बघत राहिले. बुवांनी मान वर केली, तोंड उघडलं, पुन्हा खोकला आला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कपाळावरचा बुक्का घामाने ओघळला होता. घड्याळात बारा वाजले. पुजाऱ्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली होती, ती तशीच राहिली. कोणाला काही सुचेना.

तेव्हा बायकांमध्ये बसलेल्या माईंनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज बारीक होता आणि थोडा कापत होता. शेजारणीने साथ दिली, मग तिच्या मागच्या बाईने, मग सगळ्या बायकांनी. फुलं उधळली गेली, गुलाल उडाला, घंटा वाजली, सुंठवडा वाटला गेला. रामजन्म झाला. कोणीही बुवांना वाकडा शब्द बोललं नाही. पण चार दिवसांनी शेजारच्या गावाहून निरोप आला. 'वैशाखातल्या उत्सवाला दुसरे बुवा ठरवले आहेत, आपण विश्रांती घ्यावी.'

त्याच आठवड्यात बुवांचे एक लांबचे मेहुणे आले होते. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "बीपीची गोळी चालू आहे ना? आमच्या साडूंना असाच खोकला लागला होता. गोळी सोडली आणि गेला." मेहुण्यांनी ओळखलं ते बरोबर ओळखलं होतं. त्यावर सुचवलेला उपाय मात्र अर्धाच होता.

दुसऱ्या दिवसापासून बुवांनी गोळी बंद केली. डॉक्टरांना कळवलं नाही. तपासणीचा दिवस आला आणि गेला, बुवा गेले नाहीत. माईंनी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. संख्या कमी होत नव्हती. त्यांनी एकदा विषय काढला, तेव्हा बुवा म्हणाले, "त्या गोळीचं नाव काढू नकोस. तिने माझा राम अडवला." माई गप्प बसल्या. कॅलेंडरवर लिहिलं, 'गोळी बंद.'

तीन आठवड्यांत खोकला गेला. बुवा रात्री झोपू लागले. पहाटे रियाजाला बसले तर आवाज पूर्वीसारखा लागला. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. घरात तो दिवस सणासारखा गेला. गोळीचा त्यांना इतका राग आला होता आणि काडीवर इतका विश्वास बसला होता, की खोकला पुन्हा येऊ नये म्हणून त्यांनी ज्येष्ठमध तसंच चालू ठेवलं. सकाळ ते रात्र काडी, निजताना वाटीभर काढा.

ज्येष्ठ लागला. बुवांच्या पायांवर सूज दिसू लागली. चपलेचा पट्टा रुतायचा. रात्री पोटऱ्यांत वांब यायचे. देवळाच्या पायऱ्या चढताना मांड्यांत जोर नसायचा, मध्ये थांबावं लागायचं. "उन्हाळा बाधला," बुवा म्हणाले. मग सकाळी उठल्यावर डोकं जड राहू लागलं. एके दिवशी पोथीतली अक्षरं धूसर दिसली. माईंनी त्यांना न विचारता आशाताईंना बोलावलं. आशाताई त्यांना घेऊन उपकेंद्रात गेल्या. बीपी २०४/११२ होतं.

पेटीवाल्या काकांनी गाडीची सोय केली. निघताना माईंनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, त्याची घडी केली आणि पिशवीत ठेवलं. स्वयंपाकघरातल्या फळीवरची ज्येष्ठमधाची पिशवीही घेतली.

दवाखान्यात त्यांना रांगेत थांबू दिलं नाही, लगेच आत घेतलं. डॉक्टरांनी बीपी बघितलं, डोळ्यांत विजेरी मारून बघितलं, हातापायांची ताकद बघितली. मग विचारलं, "गोळी रोज चालू आहे ना, बुवा?"

बुवा म्हणाले, "हो."

ते आयुष्यात खोटं फार कमी बोलले होते. पण डॉक्टर एवढे चांगले, त्यांनी एवढं बजावून सांगितलेलं, आणि आपण तेच मोडलं, हे तोंडावर सांगायची त्यांना लाज वाटली. अशा लाजेपोटी दवाखान्यात रोज किती खोटं बोललं जात असेल, कोण जाणे.

डॉक्टर कागद ओढून लिहू लागले. "गोळी चालू असून एवढं चढलं म्हणजे डोस वाढवायला हवा. एनालाप्रिल दुप्पट करतो, सोबत लघवीवाटे पाणी काढणारी आणखी एक देतो."

"डॉक्टर," माई म्हणाल्या, "गोळी चालू नाही."

बुवांनी मान खाली घातली. माई त्यांच्याकडे वळल्या. एरवी चार माणसांत त्या बुवांपुढे बोलायच्या नाहीत. "अहो, त्या गाढवाला बोलता येत नव्हतं, म्हणून नाथांना स्वतः बघावं लागलं. तुम्हाला तर देवाने बोलण्यासाठीच गळा दिलाय."

बुवांनी माईंकडे बघितलं. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी सगळं सांगून टाकलं. खोकला, रामनवमी, मेहुणे, बंद केलेली गोळी. माईंनी टेबलावर कॅलेंडर उलगडलं. डॉक्टर वाचू लागले. 'गोळी सुरू.' बऱ्याच चौकोनांनंतर, 'खोकला.' मग रोज रात्री 'खो.', 'खो.', 'खो.' त्यातच 'काडी दिवसभर.' मग 'गोळी बंद.' मग 'खो.' कमी कमी होत थांबलेला. मग 'पायाला सूज.' 'वांब.' 'डोकं.' डॉक्टरांनी महिने मागेपुढे करून दोनदा वाचलं.

"ही काडी कसली, माई?"

माईंनी पिशवी पुढे केली. डॉक्टरांनी एक काडी उचलून हुंगली आणि आधी लिहिलेला कागद फाडून टाकला.

"बुवा, तुमचा खोकला खरा होता," ते म्हणाले. "तो त्या गोळीचाच होता. ही गोळी ज्या कुळातली आहे, त्या कुळातल्या गोळ्यांनी दहातल्या एखाद्याला असा कोरडा खोकला येतो. रक्तवाहिन्या सैल करताना ही गोळी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ साचू देते, आणि तो घशात, श्वासनळीत खवखव करतो. कधी लगेच सुरू होतो, कधी दोन-तीन महिन्यांनी. कितीही काढे घेतले तरी थांबत नाही, गोळी बदलली की थांबतो. आणि बदलायला दुसरी गोळी आहे. तेच काम करते, खोकला सहसा आणत नाही. तुम्ही फाल्गुनात आला असतात तर मी त्याच दिवशी बदलली असती."

बुवा ऐकत राहिले.

"आता या काडीचं ऐका. ज्येष्ठमध वाईट नाही. कीर्तनाआधी चिमूटभर तोंडात धरलंत तोवर ठीक होतं. पण ते दिवसभर, महिनोन् महिने पोटात गेलं की त्यातला गोड अंश मूत्रपिंडांच्या कामात ढवळाढवळ करतो. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जाऊ देतं. पायाला सूज येते, स्नायूंतला जोर जातो, वांब येतात, आणि बीपी चढतं. एकीकडे गोळी बंद, दुसरीकडे बीपी चढवणारी वस्तू चालू. आणि मी त्यावर पाणी काढणारी गोळी लिहीत होतो. तिनेही पोटॅशियम कमी होतं. उरलंसुरलंही गेलं असतं. माई बोलल्या नसत्या तर हृदयाचे ठोके बिघडू शकले असते."

रक्त तपासलं. पोटॅशियम २.८ आलं, ते निदान ३.५ असायला हवं. बुवांना दोन रात्री ठेवून घेतलं. सलाईनमधून पोटॅशियम दिलं, मग पातळ औषध दिलं. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन अशा दोन गोळ्या सुरू केल्या. ज्येष्ठमध बंद झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बुवा, माझंही चुकलं. गोळी देताना मी खोकल्याचं सांगितलं नव्हतं, आणि काढे, चूर्णं काय घेता हेही विचारलं नव्हतं. आता मी विचारीन. तुम्ही सांगायचं."

"सांगीन," बुवा म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. पंधरवड्यात सूज उतरली, पायांत जोर आला, बीपी १४० च्या घरात आलं. खोकला परत आला नाही. पण श्रावणात कीर्तनं वाढली. रोज दोन-दोन तास उभं राहणं आलं, आणि बुवांच्या घोट्यांपाशी पुन्हा सूज दिसू लागली. मेहुणे असते तर म्हणाले असते, हीसुद्धा सोडा. बुवा सूज घेऊन डॉक्टरांकडे गेले.

"काडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग ही अ‍ॅम्लोडिपिनची सूज. तिने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाणी घोट्यांपाशी पाझरतं. उभं राहणाऱ्याला जास्त. तुमची मूत्रपिंडं, हृदय ठीक आहे, घाबरू नका." त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमवरून २.५ वर आणली, टेल्मिसार्टन ४० वरून ८० केली आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला बोलावलं. रात्री निजताना पायांखाली उशी घ्यायला सांगितली. सूज हळूहळू गेली.

पुढच्या खेपेला बुवा म्हणाले, "साष्टांग नमस्कार घालून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते." डॉक्टरांनी त्यांना आडवं करून बीपी बघितलं, मग उभं करून बघितलं. उभं राहिल्यावर बीपी थोडं पडत होतं, पण गोळी बदलण्याइतकं नव्हतं. "उठताना घाई करू नका. आधी बसा, दोन-चार श्वास घ्या, मग काहीतरी धरून उभे राहा. पहाटे अंथरुणातून उठतानाही असंच. उपवासाला पाणी पीत चला. जुलाब, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी मला विचारा, तेव्हा काही दिवस गोळ्या कमी कराव्या लागतात. आणि गुडघे दुखले म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. त्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो."

बुवा आता मंदिरात बसून उठायचे. देवाला त्यात काही कमी वाटलं असेल असं मला वाटत नाही.

कार्तिकात बीपी १३०/८० आलं. शेजारच्या गावाने बुवांना पुन्हा बोलावलं. कीर्तन झालं, आरती झाली, लोक पाया पडायला येऊ लागले. त्यांत एक शेतकरी होता. तो म्हणाला, "बुवा, मलाही गोळी लागलीय. घेतली की दिवसभर अंगात त्राण राहत नाही. सोडून द्यावी म्हणतो."

बुवांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. "गोळीचं नाव काय?"

त्याने खिशातून पाकीट काढलं. बुवांना नाव वाचता आलं, पण त्यांनी सल्ला दिला नाही. शेजारीच माई उभ्या होत्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "कधी सुरू केली? त्राण कधीपासून गेलं? आणखी काय काय घेता?" शेतकरी आठवून आठवून सांगू लागला. माईंनी एका कागदावर ते सगळं तारखेनिशी लिहिलं आणि कागद त्याच्या खिशात घातला. "उद्या हा घेऊन डॉक्टरांकडे जा. ते बघतील तोवर गोळी सोडू नका."

तो डॉक्टरांकडे गेला. त्याची गोळी अ‍ॅटेनोलॉल होती. नाडी फार मंद चालली होती. ती एकदम सोडली असती तर हृदयावर बेतू शकलं असतं. डॉक्टरांनी ती दोन आठवड्यांत उतरवत नेली आणि दुसरी दिली.

या गोष्टीत गोळीने बुवांना खरोखर त्रास दिला. त्यांना तो वाटला, भासला, असं नव्हे. बीपीचं दुखणं असं आहे, की आजार कळत नाही आणि औषध मात्र जाणवतं. म्हणून साधं, शहाणं माणूसही आजाराला विसरतं आणि औषधावर रुसतं. बुवांचे महिने ज्या मौनात गेले, ते एका तक्रारीने वाचले असते. डॉक्टरांना गोळीचे गुण पुस्तकातून माहीत असतात. तुमच्या अंगात शिरून ती काय करते, हे त्यांना तुमच्याकडूनच कळतं. ते सांगणं म्हणजे कुरकुर नाही आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. औषधाचं अर्धं काम त्या सांगण्यात आहे. एक गोष्ट मात्र अशी आहे, जिच्यासाठी थांबायचं नाही. एनालाप्रिलसारख्या गोळीने क्वचित कोणाचे ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतो, श्वास कोंडू लागतो. तसं झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच क्षणी मोठा दवाखाना गाठायचा.

तुमच्या घरात कोणी बीपीची गोळी घेत असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा. गोळी चालू आहे का एवढंच विचारू नका. तिने काही होतं का, हेही विचारा. खोकला, सूज, चक्कर, थकवा, जे सांगतील ते तारखेनिशी लिहा. घरातले काढे, चूर्णं, दुखण्याच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घाला आणि पुढच्या तपासणीची वाट न बघता ती पिशवी घेऊन त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.